मोरीला मिशा

सांजवडी, ता. कळंब
४ नोव्हेंबर २०२४

अलिजा बेटी,

सलाम आणि दुवा. पत्राच्या सुरुवातीला इकडं सगळं खुशाल आहे असं लिहायची रीत आहे. चौतीस वर्षं या गावचं टपाल सांभाळलं, लोकांना शेकडो पत्रं वाचून दाखवली. घरात मयत झालेली असली तरी पहिल्या ओळीत खुशाली असायचीच. मी लिहिणार नाही. इकडं खुशाल नाही, इकडं घाण आहे.

तुझी अम्मी म्हणते फोन कर. कशानं करू? ऐकायचं मशीन कानात घातलं की शिट्टी मारतं. समोरचा काय म्हणतो ते मला कळत नाही आणि मी काय म्हणतो ते साऱ्या गल्लीला कळतं. त्यापेक्षा कागद बरा.

तर ऐक. वरच्या माळावर दुधाची पावडर करायचा कारखाना झालाय. दसऱ्यापासून त्यानं टाक्या धुतलेलं पाणी पाइप लावून आपल्या खडकी ओढ्यात सोडलंय. पहिल्या दिवशी पाणी पांढरं झालं तेव्हा बायका हसत होत्या, ओढ्याला दूध आलं म्हणून. तिसऱ्या दिवशी वास सुटला. दूध नासलं की घरात जो वास येतो ना, तो गावभर. घास तोंडाशी नेला की त्याला तोच वास. मशिदीत सजद्याला कपाळ टेकलं की चटईतून तोच. मला तर आता स्वतःच्या अंगाचीही शिसारी येते.

मी ग्रामपंचायतीत गेलो. सरपंच अमरसिंहनं मोठ्या आदरानं खुर्ची दिली. खुर्ची दिली की समजावं, काम होणार नाही. त्यानं एक जाडजूड वही काढली. दोन वर्षांमागं पुण्याच्या कुठल्याशा संस्थेनं गावातली झाडं, पाखरं, पाणी सगळं लिहून नेलं होतं, ती ही नोंदवही. त्यावर बोट ठेवून म्हणाला, "फकीरभाई, तुमी वढा वढा करताव, पर कागदावर वढा हायच कुठं? ही बघा, मोरी हाय मोरी. मोरीत घाण सोडायची न्हाय तर काय अत्तर सोडायचं?"

मी चष्मा पुसून वाचलं. "खडकीत मोरी आहे. पूर्वापार."

अलिजा, ते बोल माझेच. एक बाई मोबाईल धरून आल्या होत्या, मीच त्यांना सांगितलं होतं. पण मी मोरी म्हटलंच नव्हतं. मी म्हटलं होतं मुरी. खडकीतला बोटभर मासा. बापजाद्यांपासून तो आहे म्हणून मोठ्या अभिमानानं सांगितलं होतं. कुण्या नालायकानं त्या मासळीचं गटार केलं, आणि त्या एका शब्दावर कारखान्याला ना-हरकत मिळाली. ओढा असता तर परवानगी मिळाली नसती, मोरीला कोण विचारतो?

नऊ जानेवारीला तालुक्याच्या कचेरीत सुनावणी आहे. तिथं हा शब्द खोटा आहे हे दाखवता आलं तर पाइप बंद होईल. नाहीतर खडकी कायमची मोरी. तू पुण्यात असल्याच वह्यांच्या कामात आहेस असं तुझी अम्मी फातिमा सांगत होती. हे कुणी लिहिलं ते शोधून काढ. मला त्या माणसाचं नाव पाहिजे. त्याचा कान धरून त्याला खडकीत नाकापर्यंत उभा करणार आहे.

तुझा मामू
फकीर


पुणे
१५ नोव्हेंबर २०२४

आदरणीय मामू,

अस्सलामु अलैकुम. तुमचे पत्र मिळाले. वाचून वाईट वाटले.

नोंदवह्यांचे काम अनेक संस्थांनी मिळून केले असल्याने नेमकी चूक कोणत्या टप्प्यावर झाली हे सांगणे कठीण आहे. बोललेले आधी मोबाईलवर साठवले जाते, मग संगणक ते आपोआप लिहून काढतो आणि त्यानंतर तपासणी होते. एकेका माणसाकडे दिवसाला चाळीस-चाळीस गावे असतात. त्यामुळे एका व्यक्तीला जबाबदार धरणे योग्य होणार नाही. गावाने ग्रामसभेत ठराव करून दुरुस्तीचा अर्ज द्यावा, असे मला वाटते. पाण्याचे फोटो काढून जोडावेत.

मुरी म्हणजे लहानपणी तुम्ही माझ्या ओंजळीत ठेवली होती तीच ना? गिळगिळीत? मी किंचाळून फेकून दिली होती. तिच्यासाठी इतकी दगदग या वयात तुम्ही करू नये, असे अम्मीलाही वाटते. रक्तदाबाची गोळी चुकवू नका. नाकाला त्रास होत असेल तर काही दिवस अम्मीकडे उमरग्याला जाऊन राहा.

कामाची सध्या फार गडबड आहे. मला आता आमच्या गटाची प्रमुख केले आहे.

तुमची
अलिजा


सांजवडी
२६ नोव्हेंबर २०२४

अलिजा बेटी,

सलाम, दुवा. प्रमुख झालीस, अल्ला आणखी वर नेवो.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं टपालात पाकीट बदललं, कचेरीचा कागद माझ्याकडं आला. "योग्य होणार नाही", "टप्प्यावर". अगं मी तुझा मामू आहे, अर्जदार नाही. आणि उमरग्याला जाऊन राहा म्हणतेस! नाक घेऊन मी जाईन, ओढा कुठं जाईल?

बरं, मुरीचं. तू किंचाळली होतीस ते मला आठवतं. तू किंचाळलीस म्हणून तीही घाबरली आणि तिनं तुला टोचलं. तिच्या डोळ्याखाली बारका काटा असतो, एरवी मिटलेला. रंग वाळूचा, त्यावर तपकिरी ठिपके. ओठाला मिशा. दिवसभर वाळूत घुसून बसते, डोळे तेवढे बाहेर. ना तिचा बाजार भरतो, ना तिला कुणी फारसं खातं. माझी आई आणि गावातल्या सगळ्या बायका सकाळी खडकीवर गेल्या की आधी वाळूत हात फिरवायच्या. बोटाला मुरी लागली की मगच घागर बुडवायच्या. नाही लागली तर वरच्या झऱ्यापर्यंत चालत जायच्या. बाकी कुठली तपासणी गावाला ठाऊक नव्हती. टपालाची थैली खांद्यावर घेऊन मी उन्हातान्हात खडकी ओलांडायचो, तेव्हा मीही तसंच बघून पाणी प्यायलोय.

आता काय झालंय ते वाच. जेवायच्या आधी वाचू नको.

पाइपाच्या खाली पाण्यावर आणि दगडांवर बोटभर जाडीची पांढरी साय धरलीय. काठी घातली की ती लोंबत वर येते, शेंबडासारखी. तिच्याखालची वाळू काळी झालीय. मुरीचं एक आहे, पाण्यात जीव गुदमरला तर ती वर येऊन हवा गिळते आणि पुन्हा खाली जाते. परवा मी काठावर उभा होतो. सगळ्या वर आल्या होत्या. शेकडो तोंडं, उघडमीट उघडमीट. सायीत मिशा अडकलेल्या. खाली जाता येईना त्यांना, कारण खाली राहण्याजोगं काही उरलंच नव्हतं. मी तिथंच ओकलो. सत्तरी गाठलेला माणूस, काठावर गुडघे टेकून ओकलो. विठाबाई म्हशी घेऊन आल्या होत्या, त्यांनी पाठीवरून हात फिरवला. म्हशींनी पाण्याला नाक लावलं आणि मागं सरल्या. चार पायांच्या जनावराला जे कळलं ते सरपंचाला कळत नाही.

ठराव कर म्हणतेस. सरपंचाचा मेहुणा कारखान्यात दूध घालतो, ठराव कोण करणार?

मला दुसरंच सुचलंय. त्या बाईंनी माझं बोलणं मोबाईलवर घेतलं होतं. तू लिहिलंस ना, ते साठवून ठेवतात म्हणून? मग माझा आवाज कुठंतरी असणारच. त्यात मी मुरीचं सगळं सांगितलंय, मिशांसकट. ते कचेरीत वाजवलं की विषय मिटला. ते शोध. तुझा साहेब अडवत असेल, त्यानंच ती चूक केली असेल, म्हणून तू इतकं घाबरून लिहितेस, ते मला कळतं. घाबरू नको. तुझं नाव मी कुठं येऊ देणार नाही.

मामू


पुणे
६ डिसेंबर २०२४

मामू,

सलाम. चौकशी केली. दोन वर्षांनंतर आवाजाच्या फाइली पुसून टाकतात. तुमची मिळण्यासारखी नाही. मला माफ करा.

माझा साहेब चांगला आहे, त्याने काही केलेले नाही.

अलिजा


सांजवडी
१८ डिसेंबर २०२४

अलिजा बेटी,

दुवा. पुसली तर पुसली. तू शोधलंस हे काय कमी आहे? गावात मी सगळ्यांना सांगितलंय की आपली पोर पुण्यात खडकीसाठी खटपट करतेय. विठाबाईंनी तुझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी कुटलीय, सोबत पाठवतो. डबी नीट बांधलीय, तेल बाहेर येणार नाही. म्हणाल्या, "लेकरू एकलं झगडतंय तिकडं."

आवाज नाही म्हटल्यावर मी ठरवलं, झऱ्याजवळ अजून थोड्या मुऱ्या जिवंत आहेत, त्यातल्या चार काचेच्या बरणीत घालायच्या आणि सुनावणीच्या साहेबाच्या टेबलावर ठेवायच्या. म्हणायचं, घ्या तुमची मोरी. हे अमरसिंहच्या कानावर गेलं. तो मला एसटी थांब्यावर गाठून म्हणाला, "आना की बरनी, फकीरभाई. मासा जित्ता हाय म्हंजी पानी झ्याक हाय. आन मेलेला आनला तर म्या म्हननार, मोरीत मासं कुठनं आलं?" आणि हसला. त्याच्या दाताला तंबाखू होती. मला त्याच्या हसण्याची इतकी घाण वाटली की मी मशीन कानातून काढून खिशात टाकलं, उरलेलं ऐकूच आलं नाही. बहिरेपणाचा हा एक फायदा.

पण तो बोलला ते खरं आहे. जिवंत नेली तरी हरलो, मेलेली नेली तरी हरलो. नऊ तारखेला मी जाईन, उभा राहीन, बोलेन आणि ते म्हणतील म्हाताऱ्याला भ्रम झालाय. हातात काहीच नाही, बेटी.

राहून राहून मला त्या लिहिणाऱ्याचा संताप येतो. कारखानेवाला स्वार्थी, सरपंच लाचार, ते समजतं. पण ज्यानं ते लिहिलं त्याचा काय फायदा होता? त्याला आईनं बोली शिकवली नव्हती का? "मोरीला मिशा" असं त्याच्या कानावर पडलं असेल, तेव्हा तरी थांबून विचारावं की नाही, की बाबा, मोरीला मिशा कशा? त्याच्या हाताची मला किळस येते. त्याच हातानं तो जेवत असेल.

मामू


पुणे
३० डिसेंबर २०२४

मामू,

चटणी मिळाली. मी ती खाऊ शकले नाही. डबी अजून टेबलावर आहे.

लिहिणारी मी आहे.

एका दमात लिहिते, नाहीतर लिहिणार नाही. मी तेव्हा इथे नवीन होते. शेजारच्या टेबलावर सोनाली बसायची, सदाशिव पेठेतली, शुद्ध बोलणारी. मला तिच्यासारखं व्हायचं होतं. सांजवडीची फाइल माझ्याकडे आली. उघडली तर तुमचा आवाज. "आमच्या खडकीत मुरी हाय. बाप-आज्यापासनं हाय. मिशा हायत तिला." फाइल स्पीकरवर होती. संगणकाने पडद्यावर मुरीचं मोरी केलं होतं, त्याला मुरी शब्द ठाऊकच नाही. सोनालीने ते वाचलं आणि हसत सुटली. मोरीला मिशा! तुमची नक्कल करायला लागली. "हाय, हाय." दोन-तीन जण उठून आले. म्हणाली, कुठून सापडतात गं असले म्हातारे?

मी म्हणू शकले असते की हे माझे मामू आहेत. मी म्हणू शकले असते की मुरी मासा असतो, मी तो हातात धरलाय. मला शब्द माहीत होता, मामू. माझं काम तेवढंच होतं, ऐकून दुरुस्त करायचं. पण दुरुस्त केलं असतं तर तिने विचारलं असतं, तुला गं कसं माहीत? मग गाव, बोली, तुम्ही, सगळंच निघालं असतं. मीही हसले. "असतात असे" म्हणाले. मिशांचं वाक्य पुसलं, मोरी तशीच ठेवली आणि पुढच्या गावाचं बटण दाबलं. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

तुमचं पहिलं पत्र आलं त्याच दिवशी मी ती नोंद काढून पाहिली. खाली माझी सही आहे. त्यानंतर तुम्हाला जे लिहिलं ते सगळं खोटं. फाइल पुसलेली नव्हती. ती या पेनड्राइव्हमध्ये आहे, ग्रामपंचायतीच्या किंवा कचेरीच्या संगणकावर लागेल. मी ती परवा पुन्हा ऐकली. शेवटी तुम्ही त्या बाईंना विचारता, "माझी भाची बी पुन्याला असल्याच कामात हाय, वळकता का?" ते मी तेव्हा ऐकलंच नव्हतं.

मला माझी घाण वाटते. आंघोळ केली तरी वाटते.

एकच मागणं आहे. हे कुठून मिळालं ते सांगू नका. माझं नाव घेऊ नका. नोकरी जाईल, दुसरीकडेही कुणी घेणार नाही. तुम्ही तसं वचन दिलं होतं. हात जोडते.

अलिजा


पुणे
२४ जानेवारी २०२५

मामू,

तुमचं उत्तर आलं नाही. तुमच्याऐवजी तालुक्याच्या कचेरीचं पत्र आमच्या संस्थेत आलं. सोबत तुमच्या लेखी जबाबाची प्रत होती. तुमचं ते टपालातलं अक्षर, एकही खाडाखोड नाही. "सदर चूक माझी सख्खी भाची अलिजा हिने जाणूनबुजून केली."

साहेबांनी ते सगळ्यांसमोर वाचलं. सोनाली खाली मान घालून बसली होती. मला सोमवारपासून येऊ नका म्हणून सांगितलं.

मी तुम्हाला एकच गोष्ट मागितली होती. यंत्राची चूक म्हणून सांगितलं असतं तरी चाललं असतं, निम्मं खरंही होतं. एका माशासाठी बहिणीच्या पोरीचं नाव कचेरीत लिहून दिलंत. तुम्ही मला किळसवाणी म्हणालात ते मी मान्य केलं. पण वचन मोडणारी मी नाही.

अम्मीला मी अजून काही सांगितलेलं नाही. तुम्हीच सांगा, तुम्हाला सवय झाली आहे.

अलिजा


सांजवडी
३ फेब्रुवारी २०२५

अलिजा,

उत्तर उशिरा लिहितोय. तुझं कबुलीचं पत्र आलं तेव्हा मला लिहिताच आलं नाही. पहिल्या दिवशी राग होता. मग राग गेला आणि नुसतीच किळस राहिली, ती जास्त वाईट. तुझी आलीच, माझीही आली. तुझं बोट धरून मीच तुला बाराखडी गिरवायला शिकवली होती.

वचन मोडलं, हे खरं. तुझं नाव कुठं येऊ देणार नाही असं मी लिहिलं होतं. ते तुझा साहेब गुन्हेगार आहे असं समजून. तरी मोडलं ते मोडलं, त्याला सबब सांगत नाही. कसं मोडलं ते तेवढं सांगतो.

नऊ तारखेला आम्ही सातजण गेलो. ग्रामसेवक रामकिसननं पेनड्राइव्ह लावला. सगळे पडद्याकडं बघत होते, मी माणसांकडं बघत होतो, कारण मला त्या आवाजातलं काही ऐकू येणार नव्हतं. माझाच आवाज, आणि मलाच ऐकू येत नाही. एकाएकी साहेबांचे खांदे हलायला लागले. मग कारकुनाचे. मग आपल्याच गावच्या दोघांचे. मला कळलं, मिशा आल्या. विठाबाईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि उठून उभ्या राहिल्या. काय बोलल्या ते मला बाहेर आल्यावर त्यांनी पुन्हा मोठ्यानं सांगितलं. "सायेब, हसायला काय झालं? मिशा हायतच तिला. येऊन बघा की." हसू थांबलं.

मग साहेबांनी कागदावर प्रश्न लिहून माझ्यासमोर ठेवला. "तुम्ही मुरी म्हणालात हे मान्य. मग मोरी कुणी लिहिलं?" कारखान्याचा वकील लगेच उठला. त्याचं म्हणणं रामकिसननं मला लिहून दाखवलं, ही फाइल कुठून आली त्याचा पत्ता नाही, म्हाताऱ्यानं आत्ता बोलून मोबाईलवर भरून आणली नसेल कशावरून? साहेबांनी मान डोलावली. मला दिसत होतं, सगळं हातातून निसटतंय. फाइल खरी आहे हे सांगणारं एकच माणूस होतं, ती जिच्याकडून आली ते.

मी यंत्राचं नाव घेऊ शकलो असतो. त्यानं फाइल खरी ठरली नसती, आणि खरं सांगू, ठरली असती तरी मी घेतलं नसतं. ओढा मोरी झाला तो खोट्या शब्दानं. तो पुन्हा ओढा करायला मी दुसरं खोटं लिहिणार नव्हतो. म्हणून लिहिलं. "जाणूनबुजून" हा शब्द लिहिताना मी थांबलो होतो. तुझं पत्र आठवलं, "मला शब्द माहीत होता." मग लिहिला.

निकाल बावीस तारखेला आला. नोंद दुरुस्त झाली. "खडकी ओढा. मुरी माशाचे वसतिस्थान." पाइपाला पोलादी झाकण ठोकलं, मी समोर उभं राहून ठोकून घेतलं. अमरसिंह आता सगळ्यांना सांगत फिरतोय की हे त्यानंच केलं. त्याला बघितलं की मी अजून तोंड फिरवतो, पण तो आपला नेहमीचा आहे.

फातिमाला मी सांगितलं. उमरग्याला जाऊन, समोर बसून, सगळं. ती रडली, मग माझ्यावर ओरडली, मला थोडंच ऐकू आलं. मग तिनं जेवायला वाढलं.

पाइप बंद झाला म्हणून खडकी सुधारली असं समजू नको. पाइपापासून खालच्या बंधाऱ्यापर्यंत तीच साय, तीच काळी वाळू. खाली हात घातला की कोपरापर्यंत चिकट काळं लागतं आणि साबणानं दोन दिवस जात नाही. पंचायत म्हणते पावसाळ्यात आपोआप वाहून जाईल. वाहून कुठं जाईल? मांजरा नदीत. म्हणजे पुढच्या गावाच्या नाकात. झऱ्यापाशी मुऱ्या आहेत, मी मोजल्या नाहीत, पण आहेत. खालची वाळू साफ झाली तर त्या खाली उतरतील. त्यांना कुणी बोलवायला लागत नाही.

तेव्हा विठाबाई, मी आणि चार माणसं रोज सकाळी खोऱ्यानं ती घाण ओढून काढतो आणि घमेल्यानं माळावरच्या खड्ड्यात टाकतो. माझ्यानं दहा घमेल्यांवर होत नाही. निम्म्यात बसावं लागतं. रमजान महिन्यावर आलाय, रोज्यात मला हे झेपणार नाही.

तुला नोकरी नाही. मला माणूस पाहिजे. माफीचं पत्र लिहू नको, माफ झालं की नाही ते मलाच ठाऊक नाही. तू वाळू उपसत असशील तेव्हा बघू. हातांना वास लागेल आणि महिनाभर राहील. त्याच हातानं जेवावं लागेल, आम्ही जेवतोच आहोत. इथं सगळ्यांना माहीत आहे तू काय केलंस, कुणी गोड बोलणार नाही. मीसुद्धा नाही.

काल विठाबाईंनी घमेलं खाली ठेवून मला विचारलं, मशीन नसतानाही मला ओठांवरून कळलं, "तुमची भाची यील का?" मी म्हटलं, येईल.

उलट टपाली काही पाठवू नको. तूच ये.

मामू